चौथाई

कॅबिनेटचं एक दार मी कधीच काढून ठेवलंय.
आत टेबलफॅनचं तोंड.
मे महिना, खारीवाव रोड, दुसरा मजला,
आणि दोन जीबीचं ते वापरलेलं कार्ड,
कारेलीबागेतल्या हेरंब घोरपडेकडून घेतलेलं.
त्याच्यावर खेळ खेळत तो बारावीला दोनदा बसला.

वाघोडिया रोडवरची, अजून न बांधलेली इमारत
माझ्या पडद्यावर उभी आहे.
उभी म्हणजे खरंच उभीच.
चालायला लागलं की अडखळते.
दिवाणखान्यातून स्वयंपाकघराकडे वळताना
सेकंदाला सात चित्रं,
भिंत आधी पोचते, फरशी मागून येते,
मान वळवली तर दार दचकतं.

हेरंबला फोन केला. तो जेवत होता.
"रिझोल्यूशन उतरवा ना ताई. अर्धं करा.
हलायला लागलं की ठिपके कोण मोजतंय?"

अर्धं केलं.
पण लांबीही अर्धी, रुंदीही अर्धी,
म्हणजे उरते चौथाई.
वीस लाख त्र्याहत्तर हजार सहाशे ठिपक्यांतले
पाच लाख अठरा हजार चारशे.
हसू आलं.
माझ्या कुणा खापरपणजोबाने या मुलुखात
घोड्यावर बसून चौथाई गोळा केली म्हणे
(घोडा होता की नाही, देव जाणे).
त्याच मुलुखात बसून मी तीन हिस्से देऊन टाकतेय
आणि चौथा पदरात बांधून घेतेय.

गॅलरीच्या जाळीचे तिरपे गज पायऱ्या-पायऱ्यांचे झाले.
फरशीत तीन रात्री पेरलेले राखाडी कण गेले, तेही जाऊ देत.
कडुलिंबाला पानं नाहीत, नुसतं हिरवं काहीतरी.
गेटवरचं नाव, जे जिग्नेशभाईंनी
अंकज्योतिषाला विचारून दोनदा बदललं,
ते आता कुठल्याच भाषेत वाचता येत नाही.
आणि खिडकीशी मी उभी केलेली बाई:
तिचा चेहरा सहा-सात ठिपक्यांचा.

पण चालतंय!
सेकंदाला सव्वीस.
ऊन ओट्यावरून घरंगळत खाली येतं,
पडदा हलतो तो पडद्यासारखा हलतो.

दुपारी जिग्नेशभाई आले, गिऱ्हाईक घेऊन.
"थोडुं झांखुं छे," म्हणाले.
मी म्हटलं, "चालशे."
चार पिढ्या या शहरात काढल्यावर
हा एक शब्द आम्हाला फुकट मिळाला.
आमच्या 'चालेल'मध्ये जरा कुरकुर असते.

ज्योत्स्नाबेन चष्मा विसरल्या नव्हत्या, डोळ्यांवरच होता.
माझ्या माउसमागून त्या घरभर फिरल्या,
सिंक डावीकडे हवं म्हणाल्या,
देवाचं तोंड कुठे ते विचारलं,
आणि खिडकीशी मला थांबवलं.
"आ तो हुं छुं."
खांद्यावरून पुढे घेतलेला पदर त्यांनी बोटाने दाखवला.
एक खांदा जरासा उतरलेला.
"एमनी राह जोऊं छुं," म्हणाल्या,
त्यांची वाट बघतेय.
जिग्नेशभाई एकदम मोबाइलमध्ये बघायला लागले.
म्हणजे 'ते' आता येणार नव्हते.

टोकन अकरा हजार. रोख.

रात्री ब्रोशरसाठी एकच चित्र लावलं, पूर्ण मापाचं.
एका चित्राला चाळीस मिनिटं.
पंखा घुरघुरत राहिला,
वरून एकेक पट्टी उतरत आली,
जाळी सरळ झाली, पानांना देठ फुटले,
फरशीत माझे कण उगवले, सगळे, एकही कमी नाही.
मग खिडकी.
कुठल्याशा फुकट संग्रहातली बाई,
सोनेरी केस, कोट, हातात कागदी कप,
पदर नव्हताच, पर्सचा पट्टा होता.
कुणाची वाट वगैरे ती बघत नव्हती.
चांगली बाई आहे. तिचा काही दोष नाही.

दोन वाजता मी तिच्यावर क्लिक केलं
आणि डिलीटच्या बटणावर बोट ठेवून
बराच वेळ
कार्डासाठी लावलेला वारा खात बसले.